तक्रार नसतानाच डोळे तपासा

नागपूर, प्रतिनिधी

पंचेंद्रियांमध्ये डोळ्यांना पहिला मान दिला जातो. मात्र आरोग्याच्या तपासण्यांमध्ये त्यांचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो. डोळा लाल झाला, त्यात कचरा गेला किंवा वर्तमानपत्रातील अक्षरे पुसट दिसू लागली, की मगच नेत्रतज्ज्ञांची आठवण होते. दृष्टी हिरावून नेणारे अनेक आजार मात्र सुरुवातीला दुखत नाहीत आणि डोळा लालही करीत नाहीत. काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार आणि लहान मुलांमधील मंददृष्टी या तिन्ही आजारांची चाहूल रुग्णाला स्वतःला लागत नाही. ती लागते तेव्हा उपचाराचा मोलाचा काळ बराचसा निघून गेलेला असतो. 'दिसते आहे, म्हणजे डोळे चांगले आहेत' हा समज म्हणूनच घातक ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दृष्टीविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात किमान २२० कोटी लोकांना कोणता ना कोणता दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपचार झालेले नाहीत, असे त्यात नमूद आहे. भारतात १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम राबविला जात आहे. या कार्यक्रमांतर्गत २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, तर पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये १.९९ टक्के आढळले. पन्नाशीपुढील अंधत्वाच्या सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांचे कारण होते मोतीबिंदू, म्हणजेच शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार. उपचार उपलब्ध असूनही अंधत्व येते, याचा अर्थ रुग्ण आणि तपासणी यांची वेळेवर गाठच पडत नाही.

नागपूरजवळच्या गावांतील पाहणी

डोळ्यांच्या तपासणीचे महत्त्व सांगणारे एक मोठे काम नागपूर परिसरातच झाले आहे. येथील सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास यांच्या पुढाकाराने 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' ही पाहणी नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील आठ गावांमध्ये करण्यात आली. तिशी ओलांडलेल्या ५,८८५ पात्र ग्रामस्थांपैकी ४,७११ जणांनी, म्हणजे ८०.१ टक्के लोकांनी तीत भाग घेतला. तिच्यावरील शोधनिबंध २०१० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होऊ लागले.

अशा पाहणीचे वैशिष्ट्य असे, की तीत केवळ तक्रार घेऊन आलेले रुग्ण नसतात. गावातील सर्वांना बोलावून तपासले जाते. त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदींत कधीच न दिसणारे, स्वतःला निरोगी समजणारे रुग्णही पुढे येतात. तामिळनाडूत झालेल्या अशाच लोकसंख्याधारित पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला हा आजार आहे, याची कल्पनाच नव्हती. गावकऱ्यांना पाहणीच्या निमित्ताने तपासणी मिळाली. शहरातील नागरिकाला ती स्वतः आठवण ठेवून करून घ्यावी लागते.

मुलाला कमी दिसते, हे मुलालाच कळत नाही

जन्मापासून धूसर पाहणाऱ्या मुलाला जग तसेच असते, असे वाटते. त्यामुळे ते तक्रार करीत नाही. दृष्टी ही केवळ डोळ्याची नव्हे, तर मेंदूचीही क्रिया आहे. डोळ्यांकडून येणारे स्पष्ट चित्र मेंदू आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत ओळखायला शिकतो. या काळात एका डोळ्याचा नंबर मोठा असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच मंददृष्टी किंवा 'आळशी डोळा' म्हणतात.

तिरळेपणा घरच्यांच्या नजरेस येतो. परंतु केवळ एकाच डोळ्याचा नंबर मोठा असेल, तर बाहेरून काहीही दिसत नाही. मूल चांगल्या डोळ्याने वाचते, खेळते, पहिला क्रमांकही मिळविते. चष्मा लावणे आणि चांगला डोळा दररोज काही तास पट्टीने झाकून दुसऱ्या डोळ्याला काम करावयास लावणे, हे यावरील सोपे उपचार होत. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्यांचा गुण सर्वाधिक येतो, पुढे तो कमी होत जातो. मोठेपणी नुसता चष्मा लावूनही ही दृष्टी परत येत नाही. मूल तीन ते चार वर्षांचे असताना दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र तपासणी करण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात. त्यामुळे 'वाचता येऊ लागले की नेऊ' हे कारण टिकत नाही.

पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे : मूल दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ बसते, पुस्तक नाकाजवळ धरते, डोळे बारीक करून किंवा मान वाकडी करून पाहते, फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, वारंवार डोळे चोळते किंवा डोके दुखत असल्याचे सांगते. तान्ह्या मुलाचा एक डोळा झाकल्यावर ते रडत असेल व दुसरा झाकल्यावर शांत राहत असेल, तर दुसऱ्या डोळ्याने त्याला कमी दिसत असण्याची शक्यता असते. छायाचित्रात एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही न दवडता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग यांची ती खूण असू शकते.

वेळेपूर्वी जन्मलेल्या बाळांची तपासणी तर शब्दशः दिवस मोजून करावी लागते. गर्भारपणाच्या ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासले गेले पाहिजे. अगदी लहान बाळांचे त्याहूनही लवकर. या बाळांमध्ये दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. ती बिघडल्यास काही आठवड्यांत कायमचे अंधत्व येऊ शकते. वेळेवर लेसर किंवा इंजेक्शनचे उपचार मिळाल्यास बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

खासगी शाळांतील मुलांचे काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. त्यानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी केली जाते. दृष्टिदोष व तिरळेपणा यांचाही त्यात समावेश आहे. विनाअनुदानित खासगी शाळा या योजनेत येत नाहीत. भरपूर शुल्क भरून मुलांना अशा शाळेत घालणाऱ्या पालकांनी डोळ्यांची तपासणी शाळेत होतच असेल, असे गृहीत धरू नये. शाळेत तपासणी होत नसल्यास ती पालकांनीच करून घ्यावी.

लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, शहरी मुलांमध्ये वाढत आहे. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५ ते १५ वयोगटातील ७.४ टक्के मुलांमध्ये लघुदृष्टी आढळली होती. त्याच शहरातील शाळकरी मुलांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १३.१ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नसली, तरी दिशा स्पष्ट आहे.

दीर्घकाळ जवळचे पाहणे आणि घराबाहेरील उजेडात कमी वावरणे यांचा लघुदृष्टीशी संबंध आढळला आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या वेळात दररोज ४० मिनिटे जास्त घराबाहेर घालविणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. नेहमीचेच वेळापत्रक असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी मुलांना बाहेर सोडणे अशक्यच. परंतु सकाळ-संध्याकाळ आणि दिवाळीपासून होळीपर्यंतचे सुखद दिवस मैदानासाठी राखून ठेवता येतात. नंबर वेगाने वाढत असल्यास कमी मात्रेतील ॲट्रोपिनच्या थेंबांसारखे उपाय नेत्रतज्ज्ञ सुचवू शकतात. मात्र नंबर वाढतो आहे, हे कळण्यासाठी तो दरवर्षी मोजला गेला पाहिजे.

चाळिशी : चष्म्याची आणि तपासणीची

जवळच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात, ते अगदी सार्थ आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते आणि सुईत दोरा ओवणे किंवा औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे कठीण जाते. हा आजार नसून वयाचा परिणाम आहे, तरीही त्याकडे दुर्लक्ष केल्यास कामावर परिणाम होतो. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढील ७५१ कामगारांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळचा चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे दिसले.

अडचण अशी, की अनेक जण रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा घेतात; अक्षरे दिसू लागतात आणि तपासणीचा विषय तेथेच संपतो. वास्तविक चाळिशी लागणे, हे डोळ्यांची पहिली संपूर्ण तपासणी करून घेण्याचे उत्तम निमित्त आहे. कारण काचबिंदूचा धोका याच वयापासून वाढू लागतो.

काचबिंदूमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेची हळूहळू हानी होते. प्रथम कडेची नजर जाते, समोरचे स्पष्ट दिसत राहते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. त्यामुळे शेजारून येणारे वाहन दिसले नाही किंवा पायरी चुकली, तरी दोष घाईला दिला जातो. चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडण्यात आला होता. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते; काचबिंदूमुळे गेलेली नजर परत येत नाही. औषधांचे थेंब, लेसर वा शस्त्रक्रिया यांनी उरलेली नजर तेवढी राखता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असल्यास ही तपासणी टाळूच नये.

मधुमेह, सिकलसेल आणि स्टेरॉइड

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के जणांच्या दृष्टिपटलावर आजाराचे परिणाम दिसून आले. या विकारात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, त्यांतून रक्तस्राव होतो. तरीही मध्यभागाला बाधा होईपर्यंत तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता येऊ शकते. प्रौढपणी मधुमेहाचे निदान झाले की त्याच वेळी आणि त्यानंतर दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यावे. मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही तपासणी करावी.

विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्याचा फटका दृष्टिपटलालाही बसू शकतो. सिकलसेलग्रस्त मुलांची वयाच्या दहाव्या वर्षापासून एक-दोन वर्षांनी दृष्टिपटलाची तपासणी व्हावी, अशी वैद्यकीय शिफारस आहे. रक्ततपासणीबाबत दक्ष असणाऱ्या कुटुंबांतही डोळ्यांचा विचार राहून जातो.

तिसरा धोका घरच्या औषधांच्या डब्यातला. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती. अशा वेळी अनेक जण औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणतात. त्यांत स्टेरॉइड असल्यास लाली लगेच कमी होते. म्हणून ते पुढेही वापरले जातात. दीर्घकाळ वापरल्यास त्यांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. दमा, त्वचारोग वा सांधेदुखीसाठी अनेक महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ही माहिती नेत्रतज्ज्ञांना अवश्य द्यावी.

नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे

चष्म्याच्या दुकानात यंत्रावर मिळणारा नंबर उपयुक्त असतो. परंतु ती डोळ्यांची संपूर्ण तपासणी नव्हे. वाहन परवान्यासाठी चाळिशीनंतर लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा कार्यालयातील वार्षिक तपासणीतील 'सहा बाय सहा' हा शेरा, यांचीही मर्यादा तीच. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरून वाचता येतो, एवढेच त्यावरून कळते.

संपूर्ण तपासणीत प्रत्येक डोळ्याची दूरची व जवळची नजर स्वतंत्रपणे पाहिली जाते, नंबर काढला जातो, डोळ्यांची हालचाल तपासली जाते, सूक्ष्मदर्शकयुक्त दिव्याने बुबुळ व भिंग पाहिले जाते आणि डोळ्यातील दाब मोजला जातो. दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ असतो. तथापि तो या मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून औषधाने बाहुली मोठी करून दृष्टीची नस व दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहणे हा तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. शंका आल्यास कडेच्या नजरेचा आलेख काढला जातो.

बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचे अस्पष्ट दिसते आणि प्रकाश सहन होत नाही. त्यामुळे सोबत कोणाला तरी न्यावे, स्वतः दुचाकी चालवू नये आणि काळा चष्मा जवळ ठेवावा. सध्याचा चष्मा, सुरू असलेल्या औषधांची यादी व पूर्वीचे अहवाल सोबत असल्यास तुलना करणे सोपे जाते. लहान मुलांना काही वेळा ॲट्रोपिनचे मलम लावावे लागते. त्याचा परिणाम आठवडाभराहून अधिक राहू शकतो. विदर्भातील शाळा जूनअखेरीस सुरू होतात. त्यामुळे मुलांच्या तपासणीसाठी मे महिना सोयीचा ठरतो.

कोणी, केव्हा तपासावे?

• नवजात बाळ : जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांकडून प्राथमिक तपासणी; वेळेपूर्वी जन्मलेल्यांची तीस दिवसांच्या आत.
• ३ ते ४ वर्षे : दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र तपासणी, शाळाप्रवेशापूर्वी.
• शाळकरी मुले : वर्षातून एकदा, चष्मा असल्यास नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे, बहुधा सहा ते बारा महिन्यांनी.
• २० ते ३९ वर्षे : तक्रार व जोखीम नसल्यास पाच वर्षांतून किमान एकदा.
• ४० वर्षे : तक्रार नसली तरी एक संपूर्ण तपासणी, पुढे दर दोन वर्षांनी.
• ६५ वर्षांपुढे : दर एक-दोन वर्षांनी.
• मधुमेही, काचबिंदूचा कौटुंबिक इतिहास असलेले, मोठा मायनस नंबर असलेले : दरवर्षी, कोणत्याही वयात.

अचानक दिसेनासे होणे, डोळ्यांसमोर प्रकाशाच्या रेघा चमकणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, नजरेवर पडदा सरकल्यासारखे वाटणे, तीव्र वेदनेसह उलट्या होणे किंवा डोळ्यात चुना वा रसायन जाणे, या प्रसंगी वेळापत्रकाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. रसायन गेल्यास आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा सतत धुवावा.

गैरसमज दूर हवेत

चष्मा वापरल्याने नंबर वाढत नाही. मुलांचा नंबर डोळ्यांच्या वाढीबरोबर वाढतो. मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहण्याची आता गरज नाही. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रिया करता येते. अतिपिकलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उलट अवघड होते. डोळ्यांत मध, दूध किंवा लिंबाचा रस घालणे धोक्याचे आहे. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या निळा प्रकाश रोखणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचा ठोस पुरावा २०२३ च्या एका मोठ्या वैद्यकीय आढाव्यात आढळला नाही. पापण्यांची उघडझाप करीत राहणे आणि दर वीस मिनिटांनी दूरवर नजर टाकणे, हा बिनखर्चाचा उपाय अधिक सोयीचा.

नागपूरकरांना या तपासणीसाठी दूर जावे लागत नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'मेडिकल', इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'मेयो', आणि मिहानमधील 'एम्स' येथे नेत्ररोग विभाग आहेत. धंतोली, रामदासपेठ परिसरात खासगी नेत्रतज्ज्ञही आहेत. वाहनाची सर्व्हिसिंग आणि विम्याचा हप्ता यांच्या तारखा जशा लक्षात ठेवल्या जातात, तशी घरातील प्रत्येकाच्या नेत्रतपासणीची तारीखही दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. वाढदिवसाचा महिना त्यासाठी ठरवून घेतल्यास ती विसरली जाणार नाही. काचबिंदूने गेलेली नजर आणि बालपणी दुर्लक्षित राहिलेला डोळा यांची भरपाई पुढे कोणतेही रुग्णालय करू शकत नाही. वेळेवर झालेली एक तपासणी मात्र हे दोन्ही टाळू शकते.